उजेड गाळून घेताना

शक्य असेल तर सकाळची वेळ निवडा. खिडकीजवळ असे बसा की उजेड समोरून न येता एका बाजूने येईल. पाठ टेका, हात मांडीवर सैल सोडा. आजच्या मननाचा विषय लहान आहे: आपली पापणी आणि तिच्यावर पडणारा उजेड. काही माणसांच्या पापण्या त्यांच्या ताब्यात राहत नाहीत. उजेडात आले की त्या आपोआप आवळल्या जातात. दृष्टी धड असूनही चालता चालता, वाचता वाचता माणसाला दिसेनासे होते. अशा माणसांसाठी फिकट गुलाबी-तपकिरी काचांचा एक चष्मा आहे. तो काय करतो, किती करतो आणि त्याच्यापाशी थोडा वेळ रेंगाळले तर आपल्याला काय उमगते, हे सावकाश पाहू. एकेक परिच्छेद वाचून थोडे थांबलात तरी चालेल.

पापणी

डोळे उघडेच ठेवा आणि लक्ष फक्त पापणीकडे न्या. ती मिटते आणि उघडते. निवांत बसलेल्या माणसाची पापणी साधारणपणे मिनिटाला 15 ते 20 वेळा लवते. वाचनात मन रमले की हे प्रमाण घटते, बोलायला लागलो की वाढते. प्रत्येक वेळी अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावर सारखा पसरतो. हे काम दिवसभर चालू असते आणि त्यातले बहुतेक आपल्या ध्यानातही येत नाही.

एकदा मुद्दाम डोळे मिटा. हळू. तितक्याच हळू उघडा. मिटताना डोळ्याभोवतीचा गोलाकार स्नायू आवळला गेला. त्याला मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेकडून, म्हणजे चेहऱ्याच्या नसेकडून, हुकूम मिळाला. उघडताना पापणी वर उचलणारा दुसरा स्नायू कामाला लागला. त्याची नस वेगळी, तिसरी. पहिला सैल पडला तरच दुसऱ्याला पापणी उचलता येते. या दोघांची देवघेव मेंदूच्या आतल्या केंद्रांत ठरते.

पुढची कृती जपून करा. डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर ती सोडून द्या. डोळे घट्ट आवळून मिटा. भुवया खाली ओढल्या जातात, नाकाच्या मुळाशी आठी पडते, गाल वर चढतात. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. बहुधा पापण्यांत हलकी थरथर जाणवू लागेल. आता सोडा.

तुम्हाला सोडता आले. याच ठिकाणी थोडे थांबा, कारण हे सोडणे ज्यांना जमत नाही त्यांच्याविषयी आपण बोलत आहोत.

डोळा लवणे आपल्या सर्वांच्या ओळखीचे. उजवा लवला की डावा, यावरून घरोघरी शुभ-अशुभ ठरते. ती बारीक फडफड झोप कमी झाली, चहा-कॉफी जास्त झाली, ताण वाढला की येते आणि बहुधा काही दिवसांत आपली आपण जाते. एकाच बाजूचा डोळा, गाल आणि ओठाचा कोपरा मिळून आचके देत असतील तर तो आणखी वेगळा विकार. त्यात मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाब देत असते. आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो ब्लेफरोस्पॅझम दोन्ही डोळ्यांना होतो. बहुधा पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. सुरुवात साधी असते: डोळे कोरडे वाटतात, चुरचुरतात, उजेड नकोसा होतो, पापण्या वारंवार लवतात. पुढे पापण्या जोराने मिटू लागतात, मिटलेल्या राहतात. बाईला रस्ता ओलांडताना मध्येच थांबावे लागते. शिक्षकाला फळ्याकडे पाहता येत नाही. पोळी तव्यावर असताना डोळे मिटतात आणि उघडण्यासाठी बोटाने पापणी वर धरावी लागते.

हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेतला हा बिघाड आहे, त्याला डिस्टोनिया म्हणतात. पण हे मान्य व्हायला फार काळ गेला. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ आंरी मेज यांनी 1910 मध्ये चेहऱ्याच्या अशा आचक्यांचे वर्णन केले होते. तरीही पुढची कित्येक दशके असल्या रुग्णांना मनाचे दुखणे आहे असे सांगून परत पाठवले जात असे. 1976 मध्ये लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी पापण्या आणि जबडा यांच्या या आचक्यांवर लिहिले आणि सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगल याच्या एका चित्राकडे बोट दाखवले. त्यात तोंड वासलेला, डोळे आवळलेला एक माणूस आहे. तेव्हापासून हा मेंदूचा विकार आहे, ही समजूत पक्की होत गेली. मधल्या काळात किती जणांनी 'मनावर घेऊ नका' हे ऐकून घेतले असेल, याचा क्षणभर विचार करा.

संशय का आला असेल, तेही समजून घेऊ. हा विकार वागतोच चमत्कारिक. रुग्ण गुणगुणू लागला, गाऊ लागला, बोलू लागला की काहींच्या पापण्या उघडतात. काहींना कपाळाच्या कडेला नुसते बोट टेकले तरी पुरते. तुम्हीही उजव्या हाताचे एक बोट भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, कानशिलाजवळ, अलगद टेकवा. दाबू नका. कातडीला झालेला तेवढा स्पर्श मेंदूकडे जातो, आणि या रुग्णांत आवळलेला स्नायू त्यामुळे काही वेळ सुटतो. पाहणाऱ्याला वाटते, गाताना उघडतात तर एरवी का नाही? डॉक्टरांना मात्र हीच खूण डिस्टोनियाची म्हणून ओळखता येते. बोट खाली घ्या. स्पर्श, सूर, उजेड: बाहेरून येणारी साधी संवेदना या विकारात आचका सोडवूही शकते आणि ओढवूही शकते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

उजेड

खिडकीकडे हळूच तोंड वळवा आणि डोळे मिटा. सूर्याकडे थेट नको. मिटल्या पापणीतूनही लालसर उजळपणा जाणवतो. पापणी उजेड पूर्ण अडवत नाही. हात डोळ्यांसमोर धरा, लाली मावळते. हात काढा, परत येते. असे दोन-तीनदा करा.

हा उजेड डोळ्यात दोन कामांसाठी जातो. पहिले काम पाहण्याचे. आकार, रंग, चेहरे, अक्षरे त्यातून उमटतात. दुसरे काम फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. दिवस आहे की रात्र, बाहुली किती आक्रसायची, झोप कधी यायची, हे सांगण्यासाठीही मेंदूला उजेडाची वर्दी लागते. डोळ्याच्या पडद्यात थोड्या पेशी अशा आहेत की त्या स्वतःच उजेड टिपतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते. विसावे शतक संपता संपता ते सापडले आणि 2002 च्या सुमारास या पेशींचे काम स्पष्ट झाले. सगळ्या रंगांना त्या सारखा प्रतिसाद देत नाहीत. 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर भाग त्यांना सर्वांत जास्त जागवतो.

उजेड डोळ्यांना दुखवतो म्हणजे काय, याचे कोडे उलगडायला या पेशींनी मदत केली. 2010 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या अंध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातल्या ज्यांना आकृती दिसत नव्हत्या पण उजेडाची जाणीव शिल्लक होती, त्यांची डोकेदुखी उजेडात वाढत होती. ज्यांच्या डोळ्यांकडून मेंदूला काहीच पोहोचत नव्हते, त्यांची वाढत नव्हती. म्हणजे पाहण्याचा रस्ता बंद झाला तरी दुखण्याचा रस्ता उघडा राहू शकतो. ब्लेफरोस्पॅझममध्ये उजेडाची वेदना नेमकी कोणत्या वाटेने आचक्यापर्यंत जाते, याचा शोध चालू आहे. पण 'मला उजेड सहन होत नाही' या वाक्यामागे शरीरातली खरी वाट आहे, हे यातून कळते.

छताकडे एक नजर टाका. पूर्वीची ट्यूबलाइट आठवा, चोक आणि स्टार्टरची. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवरच्या नळीचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. बहुतेकांना ते दिसत नाही, पण काहींचे डोळे आणि डोके ते सोसू शकत नाही. कार्यालयात, बँकेत, दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात अशा नळ्यांखाली बसून ज्यांच्या पापण्या आवळल्या, त्यांना 'इथे सगळे बसतात, तुम्हालाच काय होते?' असे विचारले गेले असणार.

अशा वेळी माणूस काय करतो? काळा गॉगल चढवतो. मग तो घरातही काढत नाही. मग पडदे ओढतो, दिवा घालवतो. एखाद्या काकू दिवसभर मागच्या खोलीत बसलेल्या असतात, सगळे म्हणतात त्यांना अंधार आवडतो. अंधाराने तेवढ्यापुरते बरे वाटते, यात शंका नाही. पण डोळा अंधाराला सरावतो, बाहुली मोठी होते, आणि बाहेर येताच तोच उजेड आधीपेक्षा जास्त बोचतो. म्हणून पुन्हा अधिक अंधार हवासा वाटतो. या फेऱ्यात माणसाचे बाहेर पडणे सुटते, बाजार सुटतो, लग्नकार्य सुटते. कुणाला तरी असे आत आत जाताना तुम्ही पाहिले असेल. त्यांना काही क्षण मनात बसू द्या.

काच

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एक काच रंगवली गेली, फ्लुरोसंट नळ्यांच्या उजेडाचा त्रास कमी व्हावा म्हणून. तिच्या रंगाला एफएल-41 हे नाव मिळाले. तिची छटा गुलाबी, किंचित तपकिरीकडे झुकणारी. 1991 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अर्धशिशी असलेल्या मुलांवरचे काम प्रसिद्ध केले. काही मुलांना ही काच दिली, काहींना तेवढीच गडद निळी. पहिल्या महिन्यात दोन्ही गटांना बरे वाटले. चार महिन्यांनी फायदा टिकला तो गुलाबी काचेच्या मुलांतच. त्यांचे महिन्याचे झटके सरासरी 6.2 वरून 1.6 वर आले. निळ्या काचेतून नेमका निळा उजेडच आत येत राहतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा अर्थ लागतो.

ही काच मनासमोर धरा. पांढऱ्या कागदावर ठेवली तर कागद तिच्याखाली फिकट गुलाबी होतो, अक्षरे तशीच ठळक राहतात. मोरपंखी काठाची साडी तिच्यातून पाहिली तर काठाचा रंग मंदावतो, काळपट होतो. लाल, पिवळे, केशरी मात्र फारसे उणे होत नाहीत. ज्या निळ्या-हिरव्या पट्ट्याला मेलॅनॉप्सिनच्या पेशी सर्वाधिक जागतात, तोच पट्टा ही काच जास्त गाळते. काही मिनिटांत मेंदू या रंगाला सरावतो आणि कागद पुन्हा पांढरा भासू लागतो.

काळा किंवा करडा गॉगल सगळेच रंग सारखे कमी करतो. एफएल-41 निवडून कमी करते. भजनात एकाचा टाळ कानाला लागत असेल तर जाणता बुवा त्या टाळकऱ्याला हाताने खूण करतो. भजन थांबवत नाही. तसेच ही काच करते.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या मोरान नेत्रकेंद्रात ब्लेफरोस्पॅझमच्या रुग्णांवर याची पारख झाली. 2009 मध्ये ती प्रसिद्ध झाली. करड्या काचांनीही रुग्णांना काही आराम मिळाला. पण वाचन, नळीच्या दिव्यांचा त्रास, एकूण उजेडाचा त्रास, आचके किती वेळा येतात आणि किती जोराचे, या सगळ्यांत एफएल-41 सरस ठरली. रुग्णांच्या सांगण्यावरच न थांबता स्नायूची विद्युत हालचालही मोजली गेली, आणि या काचेमागे पापण्या कमी वेळा मिटताना आढळल्या.

आता हात पुन्हा मांडीवर ठेवा आणि या काचेकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही शांतपणे पाहा. ती विकार बरा करत नाही. मेंदूतला बिघाड तिथेच राहतो. या विकाराचा मुख्य उपचार बोट्युलिनम टॉक्सिनच्या बारीक इंजेक्शनांचा आहे, ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात. सान फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिले आणि 1989 मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व ब्लेफरोस्पॅझम या दोन्हींसाठी त्याला मान्यता मिळाली. नसेच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप ते रोखते. परिणाम काही दिवसांत दिसतो, सुमारे तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचावे लागते. कधी पापणी खाली लोंबते, कधी डोळे कोरडे पडतात. आणि आचके कमी झाले तरी उजेडाचा त्रास अनेकांत उरतो. इंजेक्शन स्नायूवर काम करते, काच त्याच्या आधी, उजेडावर. डोळे कोरडे असतील तर कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि पापण्यांच्या कडांची स्वच्छताही लागते. हे सगळे मिळून माणसाला दिवस परत मिळतो; एकट्या काचेवर भार टाकू नये.

माणूस

काच बाजूला ठेवा आणि मनात फक्त माणूस आणा, ज्याला उजेड खुपतो. या सगळ्या वाटचालीत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. कुणीतरी 'उजेड सोसत नाही' असे म्हणाले, आणि दुसऱ्या कुणीतरी ते खरे मानून विचारले: कोणता उजेड? कुठला? किती? त्या प्रश्नातून रंग निवडला गेला. 1981 मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या मॅटी लू कॉस्टर या बाईंनी स्वतःच्या याच दुखण्यातून ब्लेफरोस्पॅझमच्या रुग्णांसाठी संस्था उभी केली. आपल्यासारखे आणखी कुणी आहे, एवढे कळणेही अनेकांना मोठा आधार वाटले असेल.

स्वतःकडेही पाहा. आपल्याला काही खुपले की आपण बहुधा सगळेच बंद करतो. एका नातेवाइकाचे बोलणे लागले की त्या घरी जाणेच सोडतो. गर्दीतला आवाज सोसेना की माणसेच टाळतो. दुखणाऱ्या माणसाला यासाठी दोष देऊ नये. आवळणे ही शरीराची पहिली धाव आहे. पण तिच्यानंतर एक दुसरी पायरी असते, आणि तिला सवड लागते: नेमके काय खुपते हे शोधणे, तेवढेच कमी करणे आणि बाकीचे आत येऊ देणे. आज तुमच्या आयुष्यात असे काही आहे का, जे सगळेच्या सगळे बंद करून टाकले आहे? त्यातला खुपणारा भाग केवढा? आणि त्याच्याबरोबर काय काय बाहेर राहिले? उत्तर लगेच आले नाही तरी प्रश्न मनाशी धरून दोन-चार श्वास बसा.

मग सैल व्हा, खांदे हलवा, आणि व्यवहारातल्या काही गोष्टी नीट ध्यानात घ्या. पापण्या आपोआप आवळत असतील तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे आणि त्यांनी सांगितल्यास मज्जाविकारतज्ज्ञांकडे जा. डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला आणि उजेड असह्य झाला, किंवा ताप, मान आखडणे आणि उजेडाचा त्रास एकत्र आला, तर तो दिवस चष्म्याचे दुकान शोधण्याचा नाही. लगेच दवाखाना गाठा. चष्मेवाल्याकडे 'गुलाबी काच द्या' एवढेच म्हणू नका, कारण दिसायला गुलाबी असलेली प्रत्येक काच हे काम करत नाही. एफएल-41 हे नाव सांगा आणि 480 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड ती किती गाळते, हे विचारा. संगणकासाठी मिळणारे बिनरंगी ब्लू कट चष्मे मुख्यतः त्याहून आखूड लहरी कमी करतात, ते याची जागा घेत नाहीत. बाजूने आणि वरून येणारा उजेडही खुपतो, म्हणून फ्रेम चेहऱ्याला लागून बसणारी हवी. बाहेर कडा असलेली टोपी उपयोगी पडते. घरात काळा गॉगल हळूहळू सोडा. रंगीत काच लावून रात्री गाडी चालवू नका.

आणि घरातल्यांसाठी एक विनंती. कुणी म्हणाले की या दिव्याखाली मला बसवत नाही, तर त्यांना सवय करून घ्यायला सांगू नका. कोणता दिवा, ते विचारा. तो बदला किंवा त्यांची खुर्ची हलवा. डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर जा. पापण्या मिटल्या तेव्हा काय घडत होते हे त्यांना स्वतःला पाहता आलेले नसते. ते डॉक्टरांना सांगायला तुम्ही बरोबर असायला हवे.